कोणती भाषा शिकू? आधी कोणासाठी, ते ठरवा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘भाई, वेबसाइट करायला कोणती भाषा शिकू? पीएचपी आता संपली म्हणतात. पायथन घेऊ की सरळ रिॲक्टचा क्लास लावू?’’ दहा-बारा वर्षे या क्षेत्रात काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा : ही साइट कोण उघडणार आहे आणि कोणत्या फोनवर?

हे मला स्वतःच्या चुकीतून समजले. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी शिष्यवृत्त्यांची माहिती देणारी साइट केली. कोणती योजना, कोणती कागदपत्रे लागतात, शेवटची तारीख कोणती, एवढेच तिच्यात होते. मी ती रिॲक्टमध्ये लिहिली, कारण ऑफिसात तेच वापरत होतो आणि, खरे सांगायचे तर, रेझ्युमेवर ते चांगले दिसले असते. माझ्या लॅपटॉपवर साइट झकास चालायची. महिनाभराने एका तालुक्याच्या गावात मुलींना अर्ज भरायला मदत करणाऱ्या बाईंचा फोन आला. ‘‘भाई, तुमची साइट आमच्या मुलींच्या फोनवर नुसती पांढरी दिसते. तारीख बघायची कुठे?’’

तपासल्यावर कळले की सगळा मजकूर मिळून पंचवीस-तीस केबीचा होता आणि तो दाखवण्यासाठी मी एक एमबीहून जास्त जावास्क्रिप्ट पाठवत होतो. जुन्या फोनचा ब्राउझर त्यातल्या एका ओळीवर अडकत होता आणि अख्खे पान कोरे राहत होते. एका योजनेची मुदत त्याच आठवड्यात संपली होती. वाचकाच्या फोनवर पान कोरे राहिले याची नोंद सर्व्हरवर होत नाही. तिथे सगळे ठीकच दिसते. त्या बाईंनी फोन केला नसता तर आम्ही वर्षभर समाधानात राहिलो असतो.

वेबसाइट बांधण्याच्या पद्धती समजून घ्यायच्या असतील तर भाषांची नावे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एवढेच पाहा : पान तयार कुठे होते? पहिली पद्धत, पान आधीच लिहून ठेवलेले असते आणि सर्व्हर ते जसेच्या तसे पाठवतो. दुसरी, मागणी आली की सर्व्हर डेटाबेसमधून माहिती घेऊन पान तयार करतो आणि पाठवतो. पीएचपी, पायथनमधले जँगो, रुबीमधले रेल्स यांचे मुख्य काम हे. तिसरी, सर्व्हर जवळजवळ रिकामे पान आणि जावास्क्रिप्टची मोठी फाइल पाठवतो आणि पान वाचकाच्या फोनमध्ये तयार होते. रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू बहुतेक वेळा असे वापरले जातात. पहिल्या दोन पद्धतींत आपण शिजवलेले जेवण पाठवतो. तिसरीत शिधा पाठवतो आणि म्हणतो, चूल तुमची, लाकडेही तुमची. ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याला फरक कळत नाही. ज्याच्याकडे नाही, तो उपाशी राहतो.

ही प्रत्येक साधने कोणाच्या तरी गरजेतून निर्माण झाली आहेत. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या होमपेजसाठी काही छोटी साधने लिहिली, त्यातून पीएचपी आली. आज विकिपीडिया पीएचपीवर चालतो, वर्डप्रेसही. आणि वर्डप्रेसवर जगातल्या सुमारे ४० टक्के वेबसाइट्स आहेत. ‘संपलेली’ भाषा ती हीच. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. २००३ च्या सुमारास तिथल्या प्रोग्रामरांना बातमीच्या वेळेत साइटची पाने उभी करायची होती. २००५ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये दहा दिवसांत लिहिली, तीही पानावर छोट्या हालचाली करता याव्यात म्हणून. रिॲक्ट फेसबुकमध्ये तयार झाले आणि २०१३ मध्ये खुले झाले. एकाच पानावर लाइक, कमेंट, निरोप सतत बदलत असताना ते सगळे जुळवून ठेवायचे, ही फेसबुकची अडचण होती. तुमच्या अभ्यासिकेच्या साइटची अडचण तीच आहे का? शिष्यवृत्तीची तारीख दर सेकंदाला बदलते का?

माझा रोख रिॲक्टवर आहे असे कोणी समजू नये. माझे घर त्यावरच चालते. नकाशा, ऑनलाइन स्प्रेडशीट, चॅट अशा गोष्टी फोनमधल्या जावास्क्रिप्टशिवाय नीट होत नाहीत. आज रिॲक्टचे पानही सर्व्हरवर तयार करून पाठवता येते. नोकरीच्या जाहिरातींत त्याला मागणी आहे, तेव्हा ते जरूर शिका. उलट पीएचपीची बदनामी अगदीच निराधार नव्हती. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर थेट डेटाबेसच्या क्वेरीत चिकटवायचा, अशा सवयीने लिहिलेल्या कित्येक जुन्या साइट्स सहज फोडता येत. पण ती चूक पायथनमध्येही करता येते आणि पीएचपीमध्ये टाळताही येते. भाषांवरून पंथ पाडून एकमेकांना हिणवण्यात आपल्या क्षेत्रातल्या लोकांचा बराच वेळ जातो. आपण तरी त्यात पडू नये.

ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळाच्या तंत्रज्ञांनी २०१३ मध्ये मोजून पाहिले होते. १.१ टक्के भेटींमध्ये जावास्क्रिप्ट चाललेच नाही, म्हणजे साधारण ९३ मागे एक. त्यातल्या फक्त ०.२ टक्क्यांकडे ते बंद होते किंवा ब्राउझरला ते येत नव्हते. बाकीच्यांकडे चालायला हवे होते, तरी चालले नाही : नेटवर्क तुटले, फाइल अर्धवट आली, मधल्या यंत्रणेने अडवली. ही गोष्ट ब्रिटनची आहे. आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एका काडीच्या रेंजमध्ये काय होत असेल, याचा विचार करा. यावरचा उपाय जुनाच आहे. आधी साध्या एचटीएमएलमध्ये मजकूर आणि फॉर्म चालला पाहिजे, मग सीएसएसने तो नेटका करा, शेवटी जावास्क्रिप्टने सोयी वाढवा. वरचा मजला पडला तरी खालच्या मजल्यावर राहता आले पाहिजे.

दोन लिप्यांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे उर्दू आणि कधी कधी मराठी मजकूरही चित्र म्हणून टाकण्याची सवय आहे, कारण तो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला असतो. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा. मराठी परिच्छेद मराठी आहे आणि उर्दू परिच्छेद उर्दू आहे, तो उजवीकडून सुरू होतो, हे एचटीएमएलमध्ये एकेका शब्दाने सांगता येते. नस्तालिकला ओळींमध्ये जास्त जागा लागते, ती द्या. यासाठी कोणताही फ्रेमवर्क लागत नाही, थोडी आस्था लागते.

मग शिकायचे काय? माझा क्रम असा : आधी एचटीएमएल, सीएसएस आणि ब्राउझर-सर्व्हर एकमेकांशी बोलतात कसे ते. मग सर्व्हरवरची एक भाषा आणि डेटाबेस. पीएचपी घ्या किंवा पायथन, जिथे शिकवणारे माणूस जवळ आहे ती. मग जावास्क्रिप्ट आणि सर्वांत शेवटी रिॲक्ट. क्लासवाले हा क्रम उलटा करतात, कारण पहिल्या आठवड्यात काहीतरी चकचकीत दाखवावे लागते. फ्रेमवर्क पाच-सात वर्षांत बदलतात. पायाचे तसे नसते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९९१ च्या आसपास लिहिलेली वेबची सुरुवातीची पाने आजच्या फोनवरही उघडतात.

आमची साइट आम्ही दोन रविवारी बसून पुन्हा लिहिली. साधी एचटीएमएलची पाने, शेवटची तारीख सगळ्यात वर, ठळक अक्षरात. दिसायला ती काही खास नाही आणि रेझ्युमेवर मी ती लिहीत नाही. पुढच्या हंगामात त्या बाईंना मीच फोन करून विचारले, साइट उघडते का? त्या म्हणाल्या, ‘‘उघडते की. आता मुली मला विचारायलाच येत नाहीत.’’

तुम्ही जे काही बांधाल ते प्रसिद्ध करण्याआधी घरातला सगळ्यात जुना फोन मागून घ्या, अम्मीचा किंवा नानीचा, आणि त्यावर उघडून पाहा. त्यावर चालले, तर भाषा कोणतीही असो, तुमची निवड बरोबर आहे.