दोन गुरूंचा शिष्य

मुलाची किंवा मुलीची पीएच.डी. झाली, पेढे वाटून झाले, आणि तरीही पुढली दोन-तीन वर्षे ‘पोस्टडॉक’ म्हणून कुठल्याशा प्रयोगशाळेत काढावयाची आहेत असे कळले, की आपल्या घरांतून हमखास एक प्रश्न निघतो : ‘अजून शिकणेच चालू आहे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. वय तिशीला टेकलेले असते, बरोबरीची मुले नोकरीत स्थिरावलेली असतात, आणि नातेवाइकांना काय सांगावे हे आईवडिलांना उमगत नाही. परंतु या वर्षांसाठी पैसा कोण देतो व कशासाठी देतो, हे पाहिले म्हणजे उत्तराची वाट सापडते. त्यासाठी आम्ही या महिन्यात एकच उदाहरण घेतले आहे. कर्करोगाचे प्रतिकारशास्त्र आणि विदाशास्त्र, म्हणजेच डेटा सायन्स, या दोहोंचा मेळ घालू पाहणाऱ्या तरुणांसाठी न्यूयॉर्कच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटने ठेवलेली अधिछात्रवृत्ती, हे ते उदाहरण.

या संस्थेच्या मुळाशी जुन्या कागदपत्रांची एक कहाणी आहे. १८९० साली न्यूयॉर्कचे तरुण शल्यचिकित्सक विल्यम कोली यांच्याकडे बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी आली. तिच्या हाताला हाडाचा कर्करोग होता. हात कापूनही ती वाचली नाही. अस्वस्थ झालेल्या कोलींनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली. त्यांत त्यांना एक नोंद आढळली : मानेवर वारंवार गाठ येणाऱ्या एका स्थलांतरित रुग्णाला धावरे झाले, ताप चढला, आणि त्यानंतर गाठ विरून गेली. कोलींनी त्याला शोधून काढले, तेव्हा तो धडधाकट होता. शरीराची प्रतिकारशक्ती चेतविली तर कर्करोग हटविता येईल, या विचाराची ती सुरुवात.

कोलींनी मारलेल्या जंतूंची टोचणी पुष्कळांना दिली. पण गुण येण्याचा नेम नव्हता, आणि क्ष-किरणांचे उपचार आल्यावर ती पद्धत मागे पडली. १९३६ साली ते वारले. त्यांची कन्या हेलन कोली नॉट्स यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. तरीही त्यांनी वडिलांच्या कागदांतून शेकडो रुग्णांची हकीकत जुळविली, तक्ते केले, आणि १९५३ साली ऑलिव्हर ग्रेस यांच्यासह ही संस्था स्थापन केली. आरंभीची देणगी नेल्सन रॉकफेलर यांची, दोन हजार डॉलरची. बेसी ही त्यांच्या वडिलांची जिवलग मैत्रीण होती. १९७१ पासून संस्था तरुण संशोधकांना अधिछात्रवृत्त्या देत आली आहे.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना काही नैसर्गिक लगाम असतात आणि कर्करोग त्यांचाच फायदा घेतो, हे उलगडल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम सैल करणारी औषधे आता आपल्याही रुग्णालयांत आली आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडे औषध, प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दिले असता वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मोठीच मजल ही. तथापि निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष पुरे करू शकले नाहीत. औषध कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता आले तर कितीतरी घरांचे दागिने गहाण पडावयाचे वाचतील, आणि वाया जाणारे मोलाचे महिनेही.

हे सांगावे कसे? आज गाठीतल्या एकेका पेशीची स्वतंत्र तपासणी करता येते. हजारो पेशी, आणि प्रत्येकीतील सुमारे वीस हजार जनुकांची हालचाल, असा एक अवाढव्य तक्ता तयार होतो. तो वाचावयाचा म्हणजे गणित व संगणक हवा. परंतु निव्वळ गणित्याची येथे फसगत होते. सोमवारी तपासलेले नमुने एका बाजूस आणि गुरुवारचे दुसऱ्या बाजूस पडले, तर तो फरक रोगाचा नसून वाराचा असू शकतो. मरू घातलेली पेशी एखाद्या नव्याच प्रकारची भासू शकते. उलट, पेशी ओळखणाऱ्याला तक्त्यातील योगायोग आणि नियम यांतला भेद कळेलच असे नाही. दोघांना शेजारी बसविले तरी मध्ये दुभाषा लागतो.

असे दुभाषे तयार करावेत म्हणून ही अधिछात्रवृत्ती आहे. तिचा विशेष असा, की उमेदवाराला मार्गदर्शक दोन लागतात : एक प्रतिकारशास्त्राचा, दुसरा संगणकीय शास्त्राचा. मुदत तीन वर्षांपर्यंत. नागरिकत्वाची अट नाही. एरवी पोस्टडॉकचा पगार बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाला मिळालेल्या अनुदानातून निघतो, आणि साहजिकच काम त्याने आखलेले असते. दुसरे शास्त्र मुळापासून शिकण्यात वर्ष गेले, शोधनिबंध निघाला नाही, तर तो खर्च कोणत्या खात्यावर टाकावा? अधिछात्रवृत्ती त्या माणसाच्या नावाने मिळते. यंत्रासाठी देणगी मागणे सोपे असते, यंत्रावर नाव कोरता येते; शिकण्याच्या वेळेसाठी पैसा देणारे थोडे. आमच्या मते या वृत्तीचे खरे मोल येथेच आहे.

आपल्या समाजाला ही दृष्टी परकी नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास पाठविले, ते दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. सयाजीराव महाराजांनीही एका माणसाच्या शिकण्याच्या वेळेलाच पैसा दिला होता. त्याचे फळ किती मोठे निघाले, हे सांगावयास नको.

आणि दुभाषेपण तर आपल्या अंगवळणी पडलेले आहे. इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, घरात एक बोली व बाजारात दुसरी, अशाच रीतीने आपली मुले वाढली. दोन्ही भाषा चांगल्या येण्यास वेळ लागतो, आणि मधल्या काळात मूल दोन्हींत अडखळते, हे आपल्या आयांना कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घरातील मुलगा वा मुलगी असे दुहेरी शिक्षण घेऊ म्हणत असेल, तर ‘कमावणार कधी?’ याआधी तीन प्रश्न विचारावेत : पैसा तुझ्या नावाने आहे की प्रयोगशाळेच्या? दुसरे शास्त्र शिकविणारा गुरू खरोखर वेळ देणारा आहे, की केवळ अर्जावर सही करणारा? आणि मुदत संपल्यावर पुढली वाट कोणती? उत्तरे समाधानकारक असतील, तर नातेवाइकांना खुशाल सांगावे, की होय, अजून शिकणेच चालू आहे.