बॅकअप ‘चालू’ होता, पण वायफायची वाट पाहत होता: गडचिरोलीत मोठ्या फाइल क्लाउडवर कशा चढवायच्या?

मागच्या पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यातल्या माझ्या मामेभावाचा फोन नाल्यात पडला. फोन गेल्याचं फार वाटलं नाही, पण त्यात आमच्या आजीचे व्हिडिओ होते. रेला गाणी म्हणताना, मोहफुलं वेचताना काढलेले. आजी आता नाही.

“दादा, गूगल फोटोजमध्ये असतील ना? बॅकअप तर चालू होता,” तो म्हणाला. चंद्रपूरला माझ्या लॅपटॉपवर त्याचं अकाउंट उघडलं. शेवटचा फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा, तो आमच्याकडे राहायला आला होता तेव्हाचा. आमच्या घरच्या वायफायवर चढलेला.

म्हणजे बॅकअप खरंच चालू होता. फक्त तो वायफायची वाट पाहत होता, आणि त्याच्या गावात वायफाय नाही.

बातम्या चांगल्या आहेत, पण…

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांत ४जी पोहोचवायची योजना मंजूर केली. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत आहे. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सुरू झालं. ५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमला प्राधान्य आहे.

हे सगळं हवंच आहे. पण या बातम्यांत ‘इंटरनेट पोहोचलं’ म्हणजे बहुतेक वेळा डाउनलोड. रील बघणं म्हणजे डाउनलोड, बॅकअप म्हणजे अपलोड. आणि जंगलात पहिला मार बसतो तो अपलोडला.

कारण सोपं आहे. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, तुमचा आवाज मात्र सागाच्या झाडांत आणि डोंगरात विरतो. म्हणून कांड्या दोन दिसतात, व्हिडिओ चालतो, पण फाइल पाठवायला घेतली की गोल फिरत बसतो. स्टारलिंकच्या डिशलाही वर मोकळं आकाश लागतं. घराभोवती दाट झाडी असेल तर तिथेही अडचण येणारच.

जरा हिशेब करू

१ एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला १२५ केबी, तासाला ४५० एमबी. फोनवरचा १०८०पी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो. म्हणजे दहा मिनिटांच्या व्हिडिओला जवळपास तीन तास. गूगलची फुकटची १५ जीबी भरायला ३३ तास, तेही एकदाही नेट न तुटता. लाइट गेली, टॉवर बंद पडला, की बऱ्याच वेळा पुन्हा शून्यापासून.

हीच १५ जीबी साध्या पेनड्राइव्हवर तासाभरात कॉपी होते. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने ४ जीबीचं कार्ड कबुतराच्या पायाला बांधून पाठवलं. कबुतर पोहोचून डेटा कॉपी झाला तोवर नेटवरून जेमतेम ४ टक्के गेला होता. आपल्याकडे कबुतराचं काम एसटी करते!

मग करायचं काय?

१. आधी सेटिंग बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा पर्याय असतो, रोजची मर्यादाही ठरवता येते. गावात राहत असाल तर फोटोंसाठी तो चालू करा. व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल.

२. क्वालिटी ‘स्टोरेज सेव्हर’ ठेवा. फाइल लहान होते. जून २०२१ पासून हे फोटोही १५ जीबीतच मोजले जातात, हे लक्षात असू द्या.

३. मोठी फाइल तोडा. झेडआर्काइव्हरसारख्या ॲपने व्हिडिओचे ५०-५० एमबीचे तुकडे करा आणि एकेक चढवा. नेट तुटलं तर एकच तुकडा वाया जाईल. सगळे तुकडे मात्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा, एक जरी हरवला तर फाइल उघडणार नाही.

४. ब्राउझरमधून मोठी फाइल चढवू नका. टॅब बंद झाला की मेहनत गेली. ड्राइव्हचं ॲप वापरा, शक्यतो पहाटे, टॉवरवर गर्दी कमी असताना.

५. ओटीजी पेनड्राइव्ह घ्या. महिन्यातून एकदा सगळं कॉपी करा आणि तालुक्याला, चंद्रपूरला जाणाऱ्या घरच्या माणसाकडे द्या. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे. एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं सामान बाहेर काढा.

६. दर महिन्याला तपासा. दुसऱ्याच्या फोनवर photos.google.com ऐवजी नुसतं ‘गूगल फोटोज’ शोधून लॉगिन करा, शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते बघा आणि लॉगआउट करा. ‘बॅकअप चालू’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नका.

चूक कोणाची?

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे कबूल करायला हवं. ‘फक्त वायफायवर’ हे सेटिंग आम्ही लोकांचा डेटा वाचावा म्हणून ठेवतो. ते ठेवताना प्रत्येक घरात वायफाय आहे असं गृहीत धरतो. महिनाभर वायफाय दिसलंच नाही, तर ॲपने ओरडून सांगायला हवं. गावाला वायफाय द्यायचं तर भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नुसती येऊन चालणार नाही, संध्याकाळी पोरांना तिथे बसून फाइल चढवता आली पाहिजे.

आजीचा एकच व्हिडिओ वाचला, त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवलेला. चाळीस सेकंदांचा, दाबून दाबून धूसर झालेला. आता भावाच्या नव्या फोनसोबत एक पेनड्राइव्हही आहे. दर महिन्याला तो एसटीने माझ्याकडे येतो.

तुमचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे? आत्ताच बघा.