यीस्टचे तेल आणि आपली कोकमाची बी

कारखान्याच्या टाकीत यीस्ट पोसून कोको बटरसारखी चरबी काढतात, हे कानावर आल्यापासून आंबेनळीच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाडकडे, एक धास्ती आहे. मग आमच्या कोकमाच्या बियांना कोण विचारणार? या तंत्रावर बंदी मागा, असेही काही भाऊ म्हणतात.

आधी तंत्र समजून घेऊ. भाताला युरिया जास्त झाला की भात नुसता माजतो, लोंबी पोचट राहते. यीस्टचे तसेच. नत्र मुबलक असेतो ते फक्त वाढत राहते. वाढीपुरते नत्र संपले आणि साखर शिल्लक राहिली, की तेच यीस्ट त्या साखरेची चरबी करून पोटात साठवते. काही जातींत सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल भरते. सारी करामत या खुराकाच्या मापात, आणि खर्चही तिथेच. चार-पाच किलो साखर खाऊन किलोभर तेल मिळते. म्हणजे खुराक स्वस्त तर धंदा, नाहीतर प्रयोगशाळेतले कौतुक.

हा खुराक येणार कुठून? उसाची मळी, भाताचा पेंढा, काजूची बोंडे. सारे शेतातलेच! खरा घोळ इथे आहे. मळीवरचे केंद्राचे नियंत्रण १९९३ साली उठले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच केंद्राने मळीच्या निर्यातीवर ५० टक्के कर लादला. निर्यात अडली की घरचा भाव पडतो. ऊस घाटावरचा, आपला नव्हे, हे खरे. पण उद्या पेंढ्याला गिऱ्हाईक आले तर सरकारचा हात तिथेही पोचेल.

राहिले कोकम. युरोपने २००० सालच्या निर्देशात चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींची यादी केली. तीत कोकम आहे, यीस्ट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. आपल्या वाड्यांत मात्र आमसुले घातली, आगळ काढले, की बी उकिरड्यावर, फार तर टाचांच्या भेगांपुरते तेल. बियांत पाव हिस्सा तेल असून ही गत. ती यीस्टने केलेली नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीत बंदीचा ठराव आला तर आम्ही विरोध करू. मागायचेच तर मळी-पेंढ्याच्या खुल्या व्यापाराची हमी मागा, आणि कोकमाची बी फोडून तेल काढणारे यंत्र तालुक्यातच कसे उभे राहील, यावर पहिला तास घालवा.