कोपऱ्यातली ट्रॉली काढून टाकण्याआधी

एल आकाराच्या ओट्याखाली कोपऱ्यात जी गोल फिरणारी ट्रॉली असते, ती बिघडली की सगळ्या घरांत साधारण एकच क्रम दिसतो. काही महिने तिला ढकलून, उचलून, गुडघ्याने दाबून चालवतात. मग एके दिवशी वरच्या ट्रेमधले डबे मागच्या अंधारात कोसळतात आणि तो कोपरा बंद होतो. दिवाळीच्या साफसफाईला ट्रॉलीवाला येतो, आत टॉर्च मारतो आणि सांगतो, "हे आता होणार नाही, पूर्ण युनिट बदलावं लागेल." त्याला हो म्हणण्याआधी एक दुपार त्या कोपऱ्याला द्या, एवढंच माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे.

आमच्या आईकडे हेच झालं. आई सत्तरीच्या पुढची, दोन्ही गुडघे दुखरे. खाली बसून कपाटात डोकं घालणं तिला जमत नाही, म्हणून तर ती ट्रॉली बसवली होती. ती अडली तेव्हा आईने रोजच्या डाळी ओट्यावर आणून मांडल्या आणि पोळ्या लाटायला जागा उरली नाही. नवं युनिट सांगून झालं होतं. मी चटईवर आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. वरच्या ट्रेच्या मधल्या कड्यातला स्क्रू सैल होऊन तो ट्रे दांड्यावरून खाली घसरला होता आणि सिंककडची तळफळी ओल लागून फुगली होती. ट्रे, दांडा, बेअरिंग सगळं शाबूत होतं. फेकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

या ट्रॉलीची रचना एकदा समजली की भीती जाते. मधे एक उभा दांडा. त्याचं खालचं टोक तळफळीवरच्या बैठकीत, बुश किंवा बेअरिंगवर फिरतं. वरचं टोक छताच्या फळीला धरलेलं असतं. ट्रे दांड्यावर कड्याने बसवलेले असतात आणि ते कडं एका लहान स्क्रूने दांड्याला आवळलेलं असतं. सगळा भार खालच्या बैठकीवर येतो. म्हणून दुखणंही ठरावीक जागीच निघतं.

काम सुरू करण्याआधी मात्र गॅसचा रेग्युलेटर बंद करा. आपल्याकडे पुष्कळ घरांत सिलिंडरची नळी याच कोपऱ्यातून शेगडीकडे जाते आणि घसरलेल्या ट्रेची कडा फिरताना तिला घासते. त्या खरखरीकडे कानाडोळा करू नका. नळीवर चरा, भेग किंवा चपटा भाग दिसला, किंवा तिच्यावर छापलेली मुदत उलटली असेल, तर ट्रॉलीचं काम राहू द्या आणि आधी नळी बदलून घ्या. मग नवी नळी भिंतीला क्लिपा लावून अशी बसवा, की ट्रे पूर्ण फिरला तरी तिला शिवणार नाही. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता सगळं सामान बाहेर काढा आणि मागच्या कोनात हात घालून चाचपा. झाकण, चमचा, लाटणं, कधी कांदा-बटाटा मागे पडून दांड्याच्या बुडाशी अडकलेला असतो. अडणाऱ्या ट्रॉलीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. ती मोकळी फिरू लागली, तर बुडाशी साचलेला पिठाचा, मसाल्याचा थर कोरड्या ब्रशने काढा आणि थांबा.

ट्रे घसरला असेल, तर तो नीट कुठे होता ते शोधा. दांड्यावर स्क्रू रुतल्याची खूण असते. तिथे पेन्सिलने रेघ मारा. स्क्रू सैल करण्याआधी ट्रेखाली उलटे डबे किंवा पुस्तकांचा ढीग लावा, नाहीतर तो एकदम खाली येतो आणि बोटं सापडतात. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने ट्रे धरावा. या स्क्रूला बहुधा सहा कोनी खाच असते. तिला एलन की लागते, पेचकसाने झटापट केली तर खाच गोल होते आणि मग खरंच काम अवघड होतं. एलन कीचा पूर्ण संच एकदाच घेऊन ठेवा, तो घरात पुढे कितीदा तरी उपयोगी पडतो. स्क्रूचे आटे गेले असतील किंवा प्लास्टिकचं कडं तडकलं असेल, तरी ट्रे टाकाऊ होत नाही. पाण्याच्या पाइपावर आवळतात तसली स्टीलची क्लॅम्प दांड्यावर ट्रेच्या बरोबर खाली घट्ट बसवा. नवं कडं मिळेपर्यंत ट्रेचं वजन ती पेलते.

दांडाच डुलत असेल, तर त्याला वर-खाली धरणाऱ्या फळ्या पाहायच्या. बहुतेक घरांत खरी गोम इथेच असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ म्हणजे भुसा किंवा लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. सिंकखालच्या जोडातून थेंब-थेंब पाणी झिरपलं किंवा रोज फरशी पुसताना पाणी फळीच्या कडेला लागलं, की ती फुगते आणि स्क्रूभोवती तिचा लगदा होतो. अशा फळीत तोच स्क्रू पुन्हा पिळून काही होत नाही. आधी गळती बंद करा आणि फळी पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात त्याला आठवडाही लागेल, घाई करू नका. नुसतं भोक मोठं झालं असेल आणि फळी कडक असेल, तर फेविकॉल मरीन लावून बांबूच्या काड्या भोकात ठोकून भरा, वर आलेल्या काड्या कापून टाका, एक दिवस सुकू द्या आणि मग स्क्रू बसवा. फळी बोटाने दाबली जात असेल, तर काड्यांचा उपयोग नाही. तिच्यावर १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा तुकडा बसवायचा. तो फक्त बैठकीपुरता कापू नका. चांगला ऐसपैस घ्या, म्हणजे त्याचे स्क्रू फळीच्या शाबूत भागात जातील. प्लाय घेताना आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्या आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश लावा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. प्लायच्या जाडीइतका दांडा वर सरकेल, हे लक्षात ठेवून वरची पकड आणि ट्रे पुन्हा जुळवून घ्या.

कडप्प्याच्या ओट्याला नंतर ट्रॉल्या बसवलेल्या घरांत वरची फळी नसतेच. दांड्याची वरची पकड कडप्प्याला चिकटवलेल्या प्लायच्या पट्टीवर असते आणि ती पट्टी निसटते. हे काम मात्र सुतारावर सोपवा. दगडाला ड्रिल मारताना तो तडकला, तर ओटाच जातो.

दांडा परत उभा करताना ओळंबा लावा. दोऱ्याला जड नट बांधला तरी पुरतं. दोन बाजूंनी पाहा. दांडा जरा कलता राहिला, तर ट्रॉली आपोआप एका बाजूला फिरून जाते आणि बुश एकाच अंगाने झिजतो.

फिरताना कुरकुर होत असेल, तर कृपा करून खोबरेल किंवा गोडेतेल सोडू नका. ते चिकट होतं, त्यावर पीठ बसतं आणि झुरळं येतात. बैठक पुसून सिलिकॉनचा स्प्रे थोडासा मारा. नायलॉनचा बुश झिजून गेला असेल, तर तो काढून सोबत घेऊन दुकानात जा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आणि तुमच्या गावातलं जुनं हार्डवेअरचं दुकानही पाहा. तिथला माणूस तुकडा हातात घेतल्यावर जोड शोधून देतो. दांड्याचं माप हवं असेल, तर त्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिची लांबी मोजा आणि ३.१४ने भागा. पट्टी साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर भरली, तर दांडा २५चा.

आणि भरताना वजनाचा विचार करा. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोच्या पुढे भरतो. त्याच्या शेजारीच दहा किलोचा तांदूळ ठेवला, की सगळा भार एका अंगाला येतो आणि तीच फळी पुन्हा उचकटते. जड डबे खालच्या ट्रेमध्ये, समोरासमोर ठेवा. वर पापड, मसाले, रिकाम्या बरण्या.

आईकडे हे सगळं करायला एक दुपार लागली, फळी वाळायला लागलेले चार दिवस वेगळे. आठवड्याने जाऊन मी स्क्रू पुन्हा एकदा आवळले. नव्या भोकातले स्क्रू वजन पडल्यावर थोडे सैलावतात, म्हणून तुम्हीही आवळा. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख, दांड्याचं माप आणि एलन कीचा नंबर लिहून ठेवलाय. ती एलन की तिथेच दोऱ्याने टांगली आहे.