फटफटीचे खरे मानकरी

दरसाल जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे भक्त आपापल्या फटफट्या घासूनपुसून मेळाव्याला आणतात. आठवणींना ऊत येतो, चकाकीचे कौतुक होते. झाले तर आनंदच आहे! पण वाचकहो, या कौतुकात एक मोठा अन्याय दडलेला आहे.

म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ साली जावा बाहेर पडू लागली आणि १९९६ साली त्या कारखान्याला टाळे लागले. २०१८ साली जावा हे नाव परत आले खरे. पण ते नव्या, चार स्ट्रोकच्या गाडीवर. मग जुनी दोन स्ट्रोकची गाडी आजही धावते ती कोणाच्या जिवावर? मालकाच्या आठवणींवर? आठवणींनी पिस्टन हलत नाही! गिअरचाच दांडा फिरवून किक कशी मारावी, हे मालक ऐटीत दाखवतो. परंतु पेट्रोलात ऑइल किती घालावे, पॉइंटमधली फट किती ठेवावी, हे ज्याच्या बोटांना ठाऊक, तो मिस्त्री मेळाव्यात कोठे असतो? मांडवामागे, हातात पाना घेऊन!

'त्याला मजुरी मिळते ना?' असे कोणी म्हणेल. मिळते, पण नुसत्या मजुरीवर विद्या टिकत नाही. जिला मान नाही, ती विद्या मुलगा बापाकडून कशाला घेईल? आणि मिस्त्रीची विद्या बुडाली, की जावा ही दिवाणखान्यातली शोभेची वस्तू!

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ आपण घालतोच. पुढच्या मेळाव्यात पहिला हार मिस्त्रीच्या गळ्यात पडू द्या, आणि त्याच्या हाताखाली दोन पोरे शिकायला उभी करा.