तात्पर्य सांगा, चित्र झाका

मागच्या रविवारी आमच्या देवळात चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या भावाला पुन्हा खाणीत पाठवण्यात आलं. माझ्या हिशेबाने ही त्याची सातवी खेप. (चर्चला आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो, दचकू नका.)

पडद्यावर ते जगप्रसिद्ध जोडलेले हात आले, दिवे मंद झाले, पाळकसाहेबांनी आवाज एक पट्टी खाली आणला आणि मी ओळखलं, आता नाणेफेक होणार. झालीच. न्यूरेंबर्गजवळचं खेडं, गरीब बाप, १८ लेकरं. दोघा भावांना चित्रकार व्हायचंय, पैसे एकाच्याच शिक्षणापुरते. नाणं उडतं. आल्ब्रेख्ट शिकायला शहरात, भाऊ खाणीत. चार वर्षांनी आल्ब्रेख्ट नाव कमावून परततो, म्हणतो, आता तुझी पाळी. भाऊ हात पुढे करतो. बोटं ठेचलेली, सांधे धरलेले, कुंचला कसला धरतोय! मग कृतज्ञ आल्ब्रेख्ट ते हात कागदावर अमर करतो. पुढच्या बाकावरच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मी चष्मा काढून पुसत बसले. तेवढाच पडदा धूसर.

माझी सगळी हयात पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवण्यात गेली. कुणी चित्राबद्दल थाप मारली की माझ्या पोटात दुखतं. व्यवसायजन्य व्याधी, दुसरं काय!

तर, १८ लेकरं खरी आहेत. ड्यूररने घराण्याची नोंद स्वतःच लिहून ठेवलीय, तीत एवढे जन्म मोजलेत. बाकी सगळा आनंद. बाप खेड्यातला दरिद्री नव्हे, न्यूरेंबर्ग शहरातला सोनार. १४८६ साली पोरगा चित्रकला शिकायला गेला तो त्याच शहरातल्या मिखाएल व्होल्गेमुटकडे. आणि खाणीत उतरणारा भाऊ? मोठे होऊन कामाला लागलेले भाऊ दोन. एंड्रेस तेव्हा दोन वर्षांचा होता. हान्सला जन्माला यायला अजून चार वर्षं होती. म्हणजे एक तर दोन वर्षांचं पोर कुदळ घेऊन खाणीत उतरलं, नाहीतर न जन्मलेल्या जिवाने थोरल्या भावासाठी देह झिजवला. चमत्कारांना माझी ना नाही, पण निदान हिशेब तरी जुळवा!

मग हे हात कुणाचे? फ्रांकफुर्टचा गबर व्यापारी याकोब हेलर याने ड्यूररला एक वेदीचित्र सांगितलं होतं. त्यातल्या एका प्रेषिताच्या हातांची ही तयारी, १५०८ सालची, निळ्या कागदावर कुंचल्याने केलेली. म्हणजे रफ वहीचं पान. आता कृपा करून एकदा, फक्त एकदा, त्या हातांकडे बघा. बोटं लांबसडक, नखं नीट कापलेली, तळवे एकमेकांना जेमतेम टेकलेले, मनगटाशी बाही दुमडलेली. कुदळ राहू द्या, या हातांनी कधी दळणाचा डबा उचलल्याचीसुद्धा खूण नाही. पडद्यावरच्या सहा फुटी हातांत ठेचलेली बोटं कुठेच नव्हती, तरी अख्ख्या मंडळीला ती दिसली. विश्वास म्हणतात तो हाच असावा.

खरी गोष्ट जास्त मजेदार आहे. हेलरशी ठरले होते १३० गुल्डन. ड्यूररने पत्रांवर पत्रं लिहून ते २०० करून घेतले. रंग केवढ्याला पडतो, अल्ट्रामरीन काय भावाने मिळतो, यात किती दिवस जातात. एवढा वेळ कोरीवकामाला दिला असता तर हजार गुल्डनांनी श्रीमंत झालो असतो, असंही ऐकवलं. नीट ठेवलंत तर चित्र ५०० वर्षं ताजं राहील अशी हमी दिली. (१७२९ साली म्युनिकमध्ये त्याचा मधला मुख्य भाग आगीत जळाला, वॉरंटीत आग बसत नसावी.) शेवटी हेलरने खूश होऊन ड्यूररच्या बायकोला भेट पाठवली आणि धाकट्या भावाला बक्षिसी. किती? २ गुल्डन. या गोष्टीत भाऊ येतो तो असा.

यावर उपदेश होत नाही असं थोडंच आहे? कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. पण तसं वेदीवरून बोललं तर पुढच्या रविवारी ऑर्गन वाजवणारा पगारवाढ मागेल. त्यापेक्षा भाऊ खाणीत बरा.

दोष एकट्या पाळकसाहेबांचा नाही. आपली सगळ्यांचीच वाढ इसापनीतीवर झालेली. गोष्ट वाचली की खाली ठळक अक्षरात ‘तात्पर्य’ हवं. ते मिळालं की कोल्हा काय, द्राक्षं काय, गेली खड्ड्यात. चित्राचंही तेच. लिंबू पिळायचं आणि साल फेकायची. रस निघालाच नाही तर घरचा रस आणून ओतायचा आणि वर म्हणायचं, बघा किती रसाळ! खोटी साक्ष देऊ नको ही दहा आज्ञांपैकी एक आहे ना? की चित्रकारांच्या बाबतीत ती शिथिल होते?

लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’ची कथाही तुम्ही ऐकली असेलच. येशूसाठी एक देखणा निष्पाप तरुण बसवला, पुढे यहूदासाठी तुरुंगातून एक ओंगळ माणूस शोधून आणला, तर तो तोच! पुरावा? शून्य. उलट चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी सांगतो की मिलानच्या त्या मठाचा प्रमुख ‘कधी संपणार, कधी संपणार’ म्हणून डोकं खायला लागला, तेव्हा लिओनार्दोने सुनावलं, यहूदाचा चेहरा सापडत नाहीये, नाहीच सापडला तर या प्रमुखाचाच काढतो. वसारीही पक्का गोष्टीवेल्हाळ, त्यालाही चिमूटभर मीठ लावूनच घ्या. पण ही गोष्ट एकाही उपदेशात का येत नाही, हे सांगायला मी हवी का? मठवाल्यांनी बदला घेतला तो १६५२ साली. जेवणघराच्या त्या भिंतीत दार हवं होतं म्हणून चित्राचा खालचा भाग फोडला, येशूच्या पायांसकट. त्याआधी दीडशे वर्षं या लोकांनी त्या चित्रासमोर बसून जेवण केलं. रोज. बोध घ्यायला याहून जास्त अवधी कुणाला मिळालाय?

आणि हे चित्रप्रेम उतू कुणाचं चाललंय, तर आम्हा प्रॉटेस्टंटांचं! १५२४ साली धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिचमध्ये देवळांतली चित्रं आणि पुतळे बाहेर काढून भिंतींना चुना फासला. १५६६ साली अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये एका रात्रीत घाव घालून धुमाकूळ घातला. चित्र म्हणजे मूर्तिपूजा! आता पाचशे वर्षांनी त्याच पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर मारून आम्ही चित्रांतून देव शोधतोय. चुना लावण्याची परंपरा मात्र अखंड आहे.

होल्मन हंटचं ‘जगाचा प्रकाश’ आमच्या घरी ओटीवर होतं. कंदील घेतलेला येशू, वेलींनी गुरफटलेलं दार, दाराला बाहेरून कडी नाही. का नाही? कारण हृदयाचं दार आतूनच उघडतं. हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून पाठ आहे. इथे मात्र मी तोंड मिटून घेते, कारण हंटला खरंच तेच म्हणायचं होतं. तात्पर्य त्याने स्वतःच रंगवून दिलं. पण पुढचं कुणी सांगत नाही. ते चित्र ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात गेलं आणि बघायला येणाऱ्यांकडून कॉलेज पैसे घ्यायला लागलं. दार आतून उघडतं, पण आधी तिकीट! हंट एवढा भडकला की म्हातारपणी त्याने तेच चित्र मोठ्या आकारात पुन्हा करून घेतलं. ते लंडनच्या सेंट पॉल्समध्ये लागलं.

बाय द वे, आमच्या ओटीवर आंजेलो द फोन्सेका कधीच नव्हता. गोव्याचा हा चित्रकार साडीतली मारिया काढायचा. गोव्यात त्यावरून एवढी नाकं मुरडली गेली की तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला. गोऱ्या येशूच्या कंदिलात आम्हाला अध्यात्म दिसलं, साडी दिसली तर वावडं.

असो. उपासनेनंतर चहाला मी पाळकसाहेबांना गाठलं. एंड्रेसचं वय सांगितलं, गुल्डनांचा हिशेब दिला. त्यांनी शांतपणे बिस्किट बुडवलं. म्हणाले, “बाई, तुमचं खरंच असेल. पण लोकांना रडू आलं ना?”

यावर काय बोलणार! मी मोबाइल काढून त्यांना व्हेरोनेझेचं भलंमोठं चित्र दाखवलं. व्हेनिसमधल्या मठासाठी १५७३ साली केलेलं शेवटचं भोजन. त्यात काय नाही? विदूषक आहे, पोपट आहे, नाकातून रक्त गळणारा नोकर आहे, भाले घेतलेले जर्मन शिपाई आहेत, बुटके आहेत. मधोमध, येशूच्या पुढ्यात, एक कुत्रा. इन्क्विझिशनने व्हेरोनेझेला बोलावून घेतलं. (गोव्याच्या कृपेने या शब्दाची ओळख आपल्याला करून द्यावी लागत नाही.) प्रभूच्या भोजनात हे असले लोक कशाला? तो म्हणाला, कवी आणि वेडे घेतात ती मोकळीक आम्ही चित्रकारही घेतो. कुत्र्याच्या जागी मग्दालिया काढावी असं त्याला आधीच सुचवलं गेलं होतं. ती तिथे बरी दिसणार नाही, म्हणून त्याने काढली नव्हती. हुकूम झाला, तीन महिन्यांत स्वखर्चाने दुरुस्ती कर. पठ्ठ्याने विदूषकाला हात लावला नाही, कुत्रा हलवला नाही. नाव तेवढं बदललं. ‘लेवीच्या घरची मेजवानी’. लूकच्या शुभवर्तमानात त्या मेजवानीला जकातदार आणि पापी लोक बसलेलेच आहेत. घ्या, आता काढा कुणाला बाहेर!

पाळकसाहेबांनी मोबाइल हातात घेतला. चित्र दोन बोटांनी मोठं केलं. चांगली दोन मिनिटं बघत राहिले. चहा गार झाला. मला वाटलं, देवा, हा माणूस खरंच चित्र बघतोय. मग ते कुत्र्यावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, हे निष्ठेचं प्रतीक असणार, नाही का?”