किल्ली कोणाच्या कनवटीला?

नवा फोन बाजारात येण्याच्या कितीतरी आधी त्याची दवंडी पिटली जाते. कॅमेऱ्याला भिंगे किती, पडदा किती नितळ आणि त्यावर अँड्रॉइडची कितवी आवृत्ती असणार, या चर्चेने वृत्तपत्रांचे रकाने आठवडेच्या आठवडे भरून वाहतात. जुन्या फोनधारकांपैकी कोणाला ती आवृत्ती लाभणार आणि कोणाला नाही, याच्या याद्या निघतात. शिधावाटपाच्या रांगेत उभे राहावे तसे लोक आपला क्रमांक केव्हा येतो याची वाट पाहतात. या साऱ्या गजबजाटात एक गोष्ट मात्र शिताफीने झाकली जाते. नवी आवृत्ती ग्राहकाला काय देणार हे ढोल वाजवून सांगितले जाते; ती त्याच्याकडून काय काढून घेणार, याबद्दल अवाक्षर निघत नाही.

जुलै 2025 मध्ये सॅमसंग कंपनीने न्यूयॉर्क येथे गॅलेक्सी झेड फोल्ड 7 हा घडीचा फोन मोठ्या थाटाने सादर केला. अँड्रॉइड 16 वर बेतलेली वन यूआय 8 ही कंपनीची नवी आवृत्ती त्यावर होती. समारंभातील भाषणांत जे आले नाही ते थोड्याच दिवसांत जाणत्या वापरकर्त्यांच्या ध्यानी आले. बूटलोडरचे कुलूप काढण्याची अनुमती देणारा, सेटिंग्जच्या पोटात वर्षानुवर्षे असलेला पर्याय या आवृत्तीतून नाहीसा झाला होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सॅमसंग फोनांवर हे बंधन पूर्वीपासून होतेच. आता उर्वरित जगाची पाळी आली. ज्यांनी आपल्या आधीच्या फोनवर ही आवृत्ती हौसेने उतरवून घेतली, त्यांनी कालपर्यंत असलेला हक्क आपल्याच बोटाने पुसून टाकला, आणि तसे करताना त्यांना कोणी बजावलेही नाही.

बूटलोडर म्हणजे फोनची कळ दाबताच सर्वांआधी जागी होणारी एक छोटी आज्ञावली. यंत्राच्या दारावरचा हा पहारेकरी. कोणत्या सॉफ्टवेअरला आत घ्यावयाचे हे तो ठरवतो, आणि कुलूप घातलेले असेल तर कंपनीची सांकेतिक मोहोर असलेल्या सॉफ्टवेअरखेरीज कोणालाही तो उभे करत नाही. हे कुलूप मालकाला काढता आले, तर कंपनीने नव्या आवृत्त्या देणे बंद केल्यावरही तो लिनेजओएससारखी मुक्त प्रणाली बसवून आपला फोन चालता ठेवू शकतो. काढता आले नाही, तर कंपनी ज्या दिवशी हात झटकते त्या दिवसापासून त्या फोनचे सॉफ्टवेअर जागच्या जागी कुजत राहते. काच शाबूत, प्रोसेसर शाबूत, बॅटरी बदलता येण्याजोगी. तरीही यंत्र निकालात निघते.

असे यंत्र रोख मोजून आणणाऱ्याला मालक म्हणावयाचे काय? ॲपलच्या करारपत्रात तर स्वच्छ लिहिलेले असते की सॉफ्टवेअर विकलेले नाही, केवळ परवान्याने वापरावयास दिले आहे. इंग्रजी करारनामे मराठीत उतरवणे ज्याचे नित्याचे काम आहे, त्याला अशा वाक्यापाशी थबकावे लागते. ‘मालक’ हा शब्द येथे बसत नाही, ‘भाडेकरू’ही नीट बसत नाही, कारण भाडेकरूने घराची पूर्ण किंमत आधीच भरलेली नसते. जवळचा शब्द सापडतो तो ‘कूळ’, आणि तोही खोतीच्या काळातला.

हा एकाच कंपनीचा लहरीपणा नव्हे. वावेने मे 2018 मध्ये कुलूप उघडण्याचे संकेतांक देणे बंद करत असल्याचे जाहीर केले. शाओमीने 2023 मध्ये हायपरओएस आणताना कुलूप काढू इच्छिणाऱ्यांवर अर्ज, खात्याच्या वयाची अट आणि प्रतीक्षा असे कचेरीला शोभणारे सोपस्कार लादले. 2025 पासून तर एका खात्याला वर्षाकाठी एकाच फोनची मुभा उरली. स्वतः विकत घेतलेल्या वस्तूचा ताबा मिळावा म्हणून विक्रेत्याकडे अर्ज करावयाचा, ही खास आजच्या भांडवलशाहीची देणगी होय.

मात्र हे सारे अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. मे 2011 मध्ये तैवानच्या एचटीसी कंपनीचे येऊ घातलेले फोन बंद बूटलोडरचे असणार, हे कळताच ग्राहकांनी निषेधाचा असा भडिमार केला की मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर चाऊ यांना ‘यापुढे बूटलोडर बंद ठेवणार नाही’ अशी जाहीर ग्वाही द्यावी लागली. त्याच वर्षी कंपनीने कुलूप उघडण्याचे साधन उपलब्ध केले; हमीवर परिणाम होईल ही तंबी अर्थातच सोबत होती. फोन हाती येण्याआधीची प्रतीक्षा केवळ लाळ घोटण्यासाठी नसते, तिचा असाही उपयोग होऊ शकतो.

आता ज्या वस्तूला कुलूप घातले जात आहे ती मुळात कोणाच्या श्रमाची, हे पाहणे अगत्याचे आहे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्स कर्नल आहे. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरांनी तो वाढवला. त्यांतील पुष्कळ जण आज कंपन्यांचे पगारी नोकर आहेत हे खरे. परंतु त्यांच्या श्रमाचे फळ एका कंपनीच्या कोठारात जाऊ नये म्हणूनच त्यावर जीपीएल हा परवाना आहे. जो कोणी हे सॉफ्टवेअर इतरांना देईल, त्याने त्याची मूळ संहिताही दिली पाहिजे आणि ती बदलण्याचा, पुन्हा वाटण्याचा अधिकारही दिला पाहिजे, अशी त्याची अट. फोन कंपन्या ही अट पाळतात. संहिता त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. हवी त्याने घ्यावी, वाचावी, बदलावी. फक्त बदललेली संहिता ज्या यंत्रासाठी लिहिली त्याच यंत्रावर चालणार नाही, कारण दारावर कुलूप आहे! धान्याचे कोठार सर्वांचे असल्याची पाटी लावावयाची आणि चूल मात्र पेटू द्यावयाची नाही, असा हा उदारपणा.

ही युक्ती नवी नाही. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणारे टिव्हो नावाचे यंत्र अमेरिकेत विकले जाई. त्यात हेच केले गेले आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत या प्रकाराला त्या यंत्राचेच नाव पडले. 2007 मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजवली. ग्राहकोपयोगी यंत्रासोबत ते चालवण्यास लागणाऱ्या किल्ल्याही द्याव्यात, असे तीत बंधन आहे. परंतु लिनक्स कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे असे की यंत्र कसे बनवावे हे परवान्याने सांगू नये. या तटस्थतेचा लाभ कोणाला झाला, हे वन यूआय 8 हाती घेतलेल्या कोणालाही विचारावे.

या सर्वांवर कंपन्यांचे एकच ठेवणीतले उत्तर असते: सुरक्षा. उघड्या बूटलोडरचा फोन चोराच्या हाती पडला तर तो त्यात हवे ते घुसवू शकेल. हा धोका खोटा नाही, आणि कुलूप नसावे असे कोणी शहाणा म्हणत नाही. वाद कुलपाचा नाही, किल्लीचा आहे. गुगलच्याच पिक्सेल फोनांवर मालक कुलूप काढून दुसरी प्रणाली बसवू शकतो आणि तिच्या स्वतःच्या किल्लीने दार पुन्हा बंद करू शकतो; ग्राफीनओएस ही सुरक्षेबाबत काटेकोर असलेली प्रणाली याच रीतीने चालते. म्हणजे मालकाचा हक्क आणि सुरक्षा यांची सोयरीक जुळू शकते, हे यंत्रविद्येने सिद्ध केले आहे. ती जुळू न देण्यात स्वारस्य आहे ते वेगळ्यांचे. उलट, वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला पण कारखान्याचे कुलूप शाबूत असलेला फोन पुष्कळ बँकांच्या ॲप्सना चालतो, आणि ताज्या दुरुस्त्यांसह मुक्त प्रणाली बसवलेल्या फोनला तीच ॲप्स दारातून परत पाठवतात. सुरक्षेची ही कसोटी नव्हे, ही निष्ठेची परीक्षा आहे.

याचा भुर्दंड कोण भरतो? ज्याला दरवर्षी नवा फोन परवडतो त्याच्या हे गावीही नसते. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने 2019 मध्ये दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. 2 जीबी स्मृतीचे ते फोन तापत, अडकत. केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर धड चालेना, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई, आणि वर त्या ॲपमध्ये इंग्रजीचा जाच. तेथे प्रश्न बूटलोडरचा नव्हता हे मान्य. पण सॉफ्टवेअर पुढे पळत राहते, यंत्र मागे पडते आणि मधली दरी ज्याची मिळकत सर्वांत तोकडी त्याने भरून काढावयाची, हा न्याय तोच आहे. 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉइड 4.4 वरील फोनांवर व्हॉट्सॲप बंद झाले, तेव्हाही श्रीमंतांच्या घरात कोणाचा निरोप अडला नाही.

आणि आवृत्ती मिळाली म्हणजे भले झालेच असेही नाही. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग आपणच सॉफ्टवेअरद्वारे कमी केला, हे ॲपलला डिसेंबर 2017 मध्ये कबूल करावे लागले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2018 मध्ये फोन मंदावणाऱ्या आवृत्त्यांबद्दल ॲपलला 1 कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोंचा दंड केला. मागील आवृत्तीवर परतण्याचा मार्गही या कंपन्यांनी बंद केलेला असल्याने ग्राहकाला निमूट सोसावे लागले.

फोन बनवणाऱ्यांच्याही डोक्यावर एक बडा मक्तेदार बसलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडच्या स्वतंत्र शाखांवर चालणारे फोन बनवू नयेत अशी बंधने ही कंपनी उत्पादकांवर घालत होती, हा त्यातील एक ठपका. मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण आधीपासून कोंबलेली गुगलची ॲप्स काढून टाकण्याची मुभा आणि गुगलच्या दुकानाबाहेरून ॲप घेण्याची निर्वेध मोकळीक, यांविषयीचे आदेश रद्द केले. नेमक्या त्याच वाटेवर गुगलने पुढे नाका उभारला. ज्या विकासकाने आपली ओळख आमच्याकडे नोंदवली नाही त्याचे ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाही, अशी घोषणा तिने ऑगस्ट 2025 मध्ये केली; सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, त्यानंतर इतर देश, असा तिचा क्रम. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये अनुभवी वापरकर्त्यांसाठी एक आडवाट ठेवू असे सांगितले गेले. नाकेदार मात्र तोच.

अलीकडे सात-सात वर्षे आवृत्त्या देण्याची भाषा ऐकू येते. गुगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये गॅलेक्सी एस 24 साठी तसे वचन दिले. दोन्ही फोन महागड्या पंक्तीतले. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून, विक्री थांबल्यानंतरही किमान 5 वर्षे आवृत्त्या उपलब्ध ठेवण्याविषयीचे नियम लागू केले आहेत आणि त्यांत स्वस्त-महाग असा भेद नाही. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये दुरुस्तीसुलभता निर्देशांकाचा आराखडा सादर केला. सुटे भाग, हत्यारे, दुरुस्तीची माहिती यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे हाही निकष त्यात आहे. कंपनी आवृत्त्या देणे थांबवील त्या दिवशी बूटलोडरची किल्ली फोनधारकाच्या हवाली करावी, हे कलम त्यात घालून आराखड्याला कायद्याचे बळ द्यावे, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी आताच केली पाहिजे, पुढच्या फोनची दवंडी पिटली जाण्यापूर्वी.